तीसही भागांत

१ जून
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची मार्चमध्ये बंद पडली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. तो काळ आता संपला असं आतून वाटतंय. सिगारेट आजपासून बंद. रोज सकाळी गच्चीवर आवाजाचा रियाज. आणि इमादुद्दीन रस्त्यावरच्या त्या नटांच्या कॉफीहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही. तिथे लोक काम मिळण्याची वाट बघत बसतात. मी बसतो तो चहासाठी, पण बघणाऱ्याला फरक कळत नाही.

संध्याकाळी थिएटर. नऊ वर्षं तेच नाटक, तोच बहिरा दरवान. दुसऱ्या अंकात यायचं, घरमालक तोंडाला फेस येईस्तोवर ओरडतो, आपण नुसतं त्याच्याकडे बघत उभं राहायचं. पब्लिक हसून हसून खुर्चीतून पडतं. वाक्यं चार. माझ्यासारखा आवाज असलेल्या माणसाला बहिरा करून ठेवलंय, आणि जवळजवळ मुकाही. लबीब म्हणतो, बहगत, तुझ्या त्या हशावर माझं थिएटर उभं आहे. थिएटर त्याचं, दिग्दर्शन त्याचं, तिकीटखिडकीवर बसतो तोही तोच. कलेबद्दल त्याच्याशी काय बोलणार?

४ जून
दोन सिगारेटी झाल्या. दोन्ही हिल्मीने दिल्या. बायकोच्या भावाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.
रियाज सुरू केला. खालच्या मजल्यावरच्या मादाम करीमाने जिन्यातून विचारलं की कुणाला बरं नाही का.

६ जून
कॉफीहाऊसमध्ये गेलो. घरात फोनला रेंज येत नाही. उद्यापासून बंद.

९ जून. दुपार
अक्षर वेडंवाकडं येतंय. अशमावीचा फोन! अशमावी सीरियलवाल्यांना नट पुरवतो, आणि गेली तीन वर्षं मला बघितलं की रस्ता ओलांडतो. आज स्वतःहून फोन. रमजानची सीरियल, महिनाभर रोज एक भाग. नायिका मादाम दुरिया. आणि मी त्या घरातला बाप.
त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो: "उस्ताद, तीसही भागांत आहात तुम्ही. सगळं घर तुमच्याभोवती फिरतं. मादाम दुरिया तुमच्यासमोर उभ्या राहून रडतात."
पुढे म्हणाला, फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी त्याला मानाचं 'बे' लावून तिथेच थांबवलं. म्हटलं, अशमावी बे, भूमिकेची चर्चा मी फोनवर करत नाही. तो जरा चाचरला. मग म्हणाला, जशी उस्तादांची मर्जी. माझा दरारा अजून आहे म्हणायचा.

इनायात टेलिफोन ऑफिसातून आली तेव्हा मी हॉलमध्ये येरझारा घालत होतो. तिला सांगितलं. तिने पर्स ठेवली, चप्पल काढली आणि विचारलं, वाक्यं किती आहेत? म्हटलं, लेखक अजून लिहितोय. आमच्याकडे सगळ्याच सीरियलींचं हे असंच. पानं सेटवर येतात तेव्हा शाई ओली असते. ती म्हणाली, मग फोन करून विचार ना, की तू नक्की करतोस काय. अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून हिला नट म्हणजे काय ते कळलेलं नाही. मोठा नट विचारत नाही. मोठ्या नटाला सांगायला लोक येतात.

१४ जून
प्रॉडक्शनच्या ऑफिसात फोटोसाठी बोलावलं. पोस्टरसाठी असणार. ग्रे सूट, मिशीला हलका रंग. फोटोग्राफर तरुण आहे पण चलाख. म्हणाला, उस्ताद, आता तुम्हाला कसलीच काळजी उरलेली नाही असा चेहरा करा. मी त्याला बापाचं वात्सल्य दिलं, करारीपणा दिला, पोरीच्या लग्नाची चिंता दिली. तो प्रत्येक वेळी म्हणे, छान, पण जरा कमी. शेवटी मी दमून, पंख्याकडे बघत, चहा कधी येतो याचा विचार करत बसलो होतो, तेव्हा त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, हाच. यातून मी एकच निष्कर्ष काढतो. माझा चेहरा विश्रांतीतसुद्धा काम करतो.
जाताना विचारलं, शूटिंग कधी? ऑफिसातली मुलगी म्हणाली, तुमचं झालं की, उस्ताद. म्हणजे आजच्यापुरतं.

२० जून
राजीनामा दिला. भाषण घरून पाठ करून गेलो होतो. मेकअपच्या खोलीत सगळे जमलेले. मी म्हटलं, नऊ वर्षं या भिंतींनी मला मौन शिकवलं, आता पडद्याला माझा आवाज हवा आहे. कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक डास असावा.
लबीबने हात धरून बाजूला घेतलं. म्हणाला, शूटिंग असेल त्या दिवशी बदली देतो, नाटक सोडू नकोस, ही जागा एकदा गेली की गेली. मी म्हटलं, दोन दगडांवर पाय ठेवून कला होत नाही. त्याने माझा हात सोडला. माझी भूमिका वहीदला दिली. वहीद इतकी वर्षं पार्टीतला चौथा पाहुणा करायचा. गरीब माणूस आहे, गळ्यात पडून रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. देण्यातला आनंद वेगळाच असतो.

२१ जून
संध्याकाळी सवयीने कपडे करून दारापर्यंत गेलो. इनायात म्हणाली, कुठे? म्हटलं, भाजी आणायला. आणली.

५ जुलै
शूटिंगचा निरोप नाही. तयारी चालू. घसा मोकळा राहावा म्हणून दिवसाला चार ग्लास बडीशेपेचा काढा. मोठ्या मुलाला थोबाडीत मारायचा प्रसंग असणारच, बापाला असतोच. उशीवर सराव केला. उशी फाटली. इनायातने ती शिवली आणि परत माझ्याच बाजूला ठेवली. हे मला जास्त लागलं.

१३ जुलै
राहवेना. अशमावीला फोन केला. म्हणाला, उस्ताद, तुमचं काम उत्तम झालंय, दिग्दर्शक खूश आहेत, निवांत राहा. फोटो बघूनच खूश असतील तर प्रत्यक्ष बघून काय होईल! पुन्हा म्हणाला, तुम्हाला त्या दिवशी एक सांगायचं राहिलं होतं. मी म्हटलं, सेटवर बोलू.

२४ जुलै
झोप नाही, भूक नाही. गच्ची, हॉल, स्वयंपाकघर, गच्ची. इनायात म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लावलीय का, बस की एका जागी. पण मला सगळा प्रकार उलगडला आहे. बापाची एण्ट्री उशिरा ठेवली आहे. आधी तीन-चार भाग घरातले सगळे त्याच्याबद्दल बोलतात, त्याची वाट बघतात, लोकांची उत्सुकता ताणली जाते. मग दार उघडतं. रमजान सुरू झाला तरी यांची शूटिंगं चालूच असतात, माझी तेव्हा घेतील. चांगला लेखक आहे.
कॉफीहाऊसमध्ये सगळ्यांना सांगितलं. चहाचे पैसे मी दिले.

८ ऑगस्ट
पहिल्या भागाच्या दिवशी इफ्तार आमच्याकडे. हिल्मी सहकुटुंब, मादाम करीमा, वरच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल. इनायात म्हणाली, अरे, तू दिसणार आहेस की नाही तेच माहीत नाही आणि बदकं कसली आणतोस? मी म्हटलं, पहिल्या भागात मी नसेन कदाचित. पण टायटलमध्ये नाव येईल. एकटं येईल, स्वतंत्र, शेवटी, 'आणि ज्येष्ठ कलावंत' असं लावून. आमच्या धंद्यात माणूस किती मोठा ते टायटलवरून कळतं. नाव घोळक्यात आलं तर तो घोळक्यातला.

११ ऑगस्ट. रमजानचा पहिला दिवस
थोडक्यात लिहितो.
मगरिबची अजान झाली, उपास सोडला. दोन बदकं, मोलोखियाची पातळ पालेभाजी, वेलीच्या पानात भरलेला भात. गोड म्हणून कतायेफ. सगळे खुशीत. मी टीव्हीचा आवाज वाढवला. टायटल सुरू. मादाम दुरिया एकट्या. मग दोन-दोन नावं. मग घोळका. घोळक्यातही मी नाही. शेवटी 'आणि ज्येष्ठ कलावंत' आलं, मी उठून उभा राहिलो. नाव दुसऱ्याचं होतं. हिल्मी म्हणाला, उद्या येईल.
पहिला प्रसंग. दिवाणखाना. मादाम दुरिया काळ्या कपड्यांत रडतायत. म्हणतात, "तुम्ही गेलात, आता या पोरांना मी कुणाच्या तोंडाकडे बघून वाढवू?" आणि कॅमेरा हळूहळू वर गेला.
भिंतीवर मी. सोनेरी फ्रेम. कोपऱ्यावर तिरपी काळी फीत.
खोलीत कुणी घास गिळेना. मग मादाम करीमाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अल्लाह त्याच्यावर दया करो." आणि कर्नलसाहेब सवयीने म्हणाले, "आमीन."

१२ ऑगस्ट
रात्रभर विचार केला. लोकांना वाटेल फसवणूक झाली. तसं नाही. अशमावी एक शब्द खोटा बोललेला नाही. तीसही भागांत आहे. घर माझ्याभोवतीच फिरतं. बाई माझ्यासमोर उभी राहून रडते. आणि कामाच्या दृष्टीने बघितलं तर ही सर्वांत अवघड भूमिका. वाक्य नाही, हालचाल नाही, पापणी लववायची सोय नाही. सगळं काम डोळ्यांनी करायचं.
इनायात फक्त म्हणाली, फोटो छान आलाय. मग ताटं घासताना म्हणाली, लबीबला फोन करतोस का? म्हटलं, कशासाठी?

१६ ऑगस्ट
पाव आणायला गेलो. भट्टीवाल्या उम्म शुक्रीने मला पाहिलं आणि तिच्या हातातलं फळकूट पडलं. बिस्मिल्ला म्हणाली. रांगेतले लोक वळले. एकाने मला हात लावून बघितलं. मग सगळ्यांनी मला पुढे जाऊ दिलं. छत्तीस वर्षं या धंद्यात आहे. रस्त्यावर पहिल्यांदा ओळखलं कुणी.
उम्म शुक्री हळूच म्हणाली, उस्ताद, तुम्ही आता वर आहात, तुम्हाला दिसत नसेल, पण तो डॉक्टर रोज मादाम दुरियांच्या घरी यायला लागलाय हां. मी म्हटलं, माझं लक्ष आहे.

१९ ऑगस्ट
लोकप्रियता वाढते आहे. शेजारच्या इमारतीतल्या दोन बायका इनायातला धीर द्यायला आल्या. इनायात म्हणाली, अहो, तो आत झोपलाय. त्या म्हणाल्या, हो गं बाई, असंच वाटत राहतं. आणि रडल्या. जाताना दुखवट्याला देतात तसा साखरेचा डबा ठेवून गेल्या.
ह्या सगळ्याचा अर्थ एकच. पब्लिकने मला स्वीकारलं आहे. अशमावीला फोन करून सुचवलं की पंधराव्या भागात मी मुलाच्या स्वप्नात येऊ शकतो. बोलू शकतो. तो म्हणाला, दिग्दर्शकांना विचारतो.

२३ ऑगस्ट
दिग्दर्शकांचं म्हणणं, बोललो तर भारदस्तपणा जाईल.

२७ ऑगस्ट
कॉफीहाऊसमध्ये एक नवीन सीरियलवाला भेटला. बरोबरच्याला म्हणाला, चेहरा चांगला आहे, पण लोकांच्या डोक्यात हा माणूस वारलाय, जिवंत म्हणून कसा घ्यायचा? मी ऐकलं. खुर्ची मागे सारून उठलो. घरापर्यंत चालत आलो, आणि घर येऊनही न थांबता पुढे नदीपर्यंत गेलो. अजानला थोडा वेळ होता. पुलावर उभा राहिलो. लोक इफ्तारला घरी पळत होते. एकाने जाता जाता खजूर हातात कोंबला आणि माझ्या तोंडाकडे बघून दचकला.
फार वाईट वाटलं आज. लिहून ठेवतो, उद्या खोडेन.

५ सप्टेंबर
लबीबचा फोन. ईदपासून नाटक पुन्हा सुरू होतंय. म्हणाला, वहीदला हशा मिळत नाही. तो धडपडतो, डोळे फिरवतो, कानात बोट घालतो, लोक खोकतात. दोन महिने लोक खोकतायत बहगत. तू ये. तुझी जागा तुझी. गुरुवारपर्यंत सांग.
खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. फोन ठेवून गच्चीवर गेलो आणि कितीतरी वेळाने एका जागी शांत बसलो. पण लगेच हो म्हणायचं नसतं. म्हटलं, विचार करून कळवतो. गुरुवारी हो म्हणणार. इनायातला सांगितलं तर तिने लगेच माझा दरवानाचा पायघोळ गलाबिया धुवून वाळत घातला.

७ सप्टेंबर
नशीब कसं असतं बघा! अशमावी! नवी सीरियल! म्हणाला, उस्ताद, लोकांना तुम्ही आवडलात, दुसऱ्या कंपनीने तुम्हालाच मागितलंय. मी फक्त एकच विचारलं, या वेळी तरी हा माणूस जिवंत आहे ना? म्हणाला, एकदम जिवंत, ठणठणीत. आणि सगळ्या भागांत. मग म्हणाला, पण उस्ताद, ऐका तर. मी म्हटलं, बस, अशमावी बे, जिवंत आहे एवढं पुरे.
इनायात दारात उभी होती. "बहगत, एकदा विचार. एकदाच. काय करतो हा माणूस?"
म्हटलं, जगतो.
लबीबला फोन करून 'नाही' असं कळवलं. तो म्हणाला, हे शेवटचं ना? मी म्हटलं, शेवटचं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. गलाबिया अजून दोरीवर आहे. ईदच्या गडबडीत इनायात काढायला विसरली असेल.

८ सप्टेंबर
वहीद आला होता. बिचारा वाळलाय. टोपी हातात घेऊन म्हणाला, उस्ताद, लबीब बे मला आणखी एकच खेळ देणार आहेत. तुम्ही काय करायचात ते सांगा, मी कुणाला बोलणार नाही.
मला काय, मी आता पुढे निघालेला माणूस. मन मोठं केलं. म्हटलं, बाबा रे, त्यात करण्यासारखं काही नाही. ये आणि कुठे आलोय ते विसरून जा. मालक ओरडला की त्याच्याकडे प्रेमाने बघ. लोक अस्वस्थ होतील. होऊ दे. तू काही करू नकोस. आणखी अस्वस्थ होतील. तरी काही करू नकोस. मग ते हसतील.
त्याने दोनदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरातून इनायातचं हसू ऐकू आलं. ती एकदम थांबली.

९ सप्टेंबर. शेवटचा भाग
पाहुणे नाहीत. आम्ही दोघंच. मादाम दुरियांनी डॉक्टरशी निकाह करायचा ठरवला. खुर्चीवर चढल्या, मला भिंतीवरून काढलं, बाहीने काच पुसली, कपाटात ठेवलं आणि दार लावलं. पुसताना डाव्या डोळ्यावर हात जरा जास्त रेंगाळला, हे जाणकारांच्या लक्षात येईल.
इनायात उठून आत गेली. डोळे लाल करून आली. म्हणाली, कांदा चिरत होते. आज घरोघर ईदचे कहक, म्हणजे गोड बिस्किटं, करतात. कहकमध्ये कांदा नसतो.

१२ सप्टेंबर
ईदची सुट्टी संपत आली. दाढी केली, ग्रे सूटला इस्त्री केली, अशमावीला फोन लावला. विचारलं, कुठल्या स्टुडिओत आणि किती वाजता येऊ? तो म्हणाला, यायची काही गरज नाही, उस्ताद. फोटो आहे ना आमच्याकडे.
मी म्हटलं, तू तर जिवंत म्हणालास. म्हणाला, जिवंतच आहे. कामासाठी कुवेतला गेलाय. बायको-पोरं रोज फोटोशी बोलतात. या वेळी फ्रिजच्या वर लावलाय. फीत काढली.
मी विचारलं, हा शेवटी परत येतो का? म्हणाला, लेखकाचं अजून ठरलेलं नाही.
म्हटलं, आला तर?
माणूस वाईट नाही तो. म्हणाला, "आला तर उस्ताद, मोठा नट घ्यावा लागेल."
इनायातने मग सूट माझ्या अंगातून उतरवून घेतला आणि हँगरला लावला.

१३ सप्टेंबर
संध्याकाळी भाजीला म्हणून बाहेर पडलो. पाय थिएटरकडे गेले. मागच्या गल्लीत, मेकअपच्या खोलीच्या खिडकीखाली उभा राहिलो. तिथून रंगमंचावरचं सगळं ऐकू येतं. दुसरा अंक. मालक ओरडला. मग शांतता. मी मनातल्या मनात म्हटलं, थांब. काही करू नकोस. कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, तरी थांब.
आणि हशा आला. माझा होता तेवढाच. शेवटी जरा जास्तच असेल.
घरी आलो. भाजी आणायची राहिली. इनायातने दोरीवरून गलाबिया काढून, घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता.

१४ सप्टेंबर
सिगारेट आजपासून बंद.
अशमावीला फोन करायला हवा. कुवेतमध्ये ऊन फार. तिथे राहणारा माणूस एवढा गोरा दिसणार नाही. फोटोला थोडा सावळा रंग द्यावा.